कात, कडुनिंब आणि कागद

चिरनेर हे नाव उच्चारताच महाराष्ट्रीय वाचकांस २५ सप्टेंबर १९३० हा दिवस आठवावा हे योग्यच आहे. त्या दिवशी पनवेलच्या टापूतील या गावी, अक्कादेवीच्या डोंगरावर, आसपासच्या गावांतील लोकांनी जंगलाचा सरकारी कायदा उघडपणे मोडला. पोलिसांनी गोळ्या झाडल्या व आठ सत्याग्रही हुतात्मा झाले. त्यांत नाग्या महादू कातकरी हा एक होता. तो इतिहास पुष्कळ वेळा सांगून झाला आहे आणि येथे त्याची पुनरुक्ती करण्याचा आमचा हेतू नाही. आम्हांस त्या नावातील शेवटच्या शब्दापाशी थोडे थांबावयाचे आहे.

कातकरी म्हणजे कात करणारा. खैराच्या लाकडाच्या गाभ्याच्या ढलप्या पाण्यात तासन् तास उकळावयाच्या, तो काढा आटवावयाचा आणि थिजला म्हणजे त्याच्या वड्या पाडावयाच्या, हा या जमातीचा पिढीजात धंदा. आम्हां पांढरपेशांस कात ठाऊक आहे तो विड्यापुरता. परंतु त्याचा दुसरा उपयोग याहून मोलाचा होता. सुताची व तागाची जाळी खाऱ्या पाण्यात भिजून कुजत, बुरशीने खाऊन जात. म्हणून किनाऱ्यावरील कोळी ती ऐनासारख्या झाडांच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढीत. युरोपातील मच्छीमारही हिंदुस्थान व ब्रह्मदेशातून गेलेला कात आपल्या जाळ्यांस व शिडांस याच कारणासाठी देत असत. नायलॉनची जाळी आली आणि हा उपयोग मागे पडला.

यामागील कारण आज आपणांस सांगता येते. बुरशीला तोंड नाही व पोटही नाही. ती आपले पाचक रस बाहेर सोडते, धागा जागच्या जागी विरघळवते आणि मग शोषून घेते. साल व गाभा यांतील तुरट द्रव्य, ज्यास टॅनिन म्हणतात, ते त्या रसांतील प्रथिनांस बिलगते आणि त्यांस निकामी करते. काढा उकळणाऱ्यास प्रथिन हा शब्द माहीत नव्हता. परंतु कोणते झाड तोडावे, काढा किती आटवावा, हे त्यास नेमके माहीत होते. पुढे १८७८ च्या कायद्याने राखीव जंगले निर्माण झाली. ज्या खैरावर कातकऱ्याचे पोट, तो तोडणे हाच गुन्हा ठरू लागला. कात करणारे कोळसा पाडू लागले, वीटभट्ट्यांवर गेले. झाडावरचा हक्क गेला आणि त्याबरोबर झाडाविषयीचे ज्ञानही विझू लागले. पहिल्या हानीचा इतिहास लिहिला गेला. दुसरीची नोंद कोणी ठेवली नाही.

नोंद न ठेवल्याने काय होते, याचा धडा आपणांस कडुनिंबाने शिकविला. जाळ्यावरची बुरशी मेलेला धागा खाते, तर पिकावरची जिवंत पान खाते, एवढाच काय तो भेद. द्राक्षवेलीवर पांढरी भुकटी पसरावी तशी भुरी पसरते, ती याच कुळातली. फ्रान्समध्ये १८८५ च्या सुमारास मोरचूद व चुना यांचे मिश्रण वेलींवरील बुरशीवर लागू पडते असे सिद्ध झाले आणि ते जगभर गेले. परंतु आपल्याकडे कडुनिंब फार पूर्वीपासून घरोघरी होता. धान्याच्या कणगीत त्याचा पाला, गजकर्णावर व खरजेवर त्याचे तेल. बियांतील अझाडिरॅक्टिन हे द्रव्य मुख्यतः किडीस जाचक. बुरशीच्या बाबतीत मात्र तेल स्वतःच काम करते. ते पानावर पातळ थर धरते व बुरशीच्या बीजाणूंस रुजू देत नाही.

या तेलाच्या अशाच उपयोगावर युरोपीय पेटंट कार्यालयाने १९९४ साली पेटंट दिले. मालक दोन होते: डब्ल्यू. आर. ग्रेस ही अमेरिकन कंपनी आणि अमेरिकेचे कृषिखाते. कडुनिंबाच्या झाडाचेच पेटंट घेतले अशी जी समजूत आपल्याकडे पसरली ती बरोबर नव्हे. विशिष्ट रीतीने काढलेले तेल फवारून वनस्पतींवरील बुरशी आवरण्याची पद्धती, एवढाच तो दावा होता. तरी तेवढाही दावा न्याय्य होता काय? १९९५ साली वंदना शिवा, युरोपीय संसदेतील हरित पक्षाच्या माग्दा आल्वूत आणि सेंद्रिय शेतीच्या चळवळींचा आंतरराष्ट्रीय संघ यांनी त्यास हरकत घेतली.

म्युनिक येथे सुनावणी झाली तेव्हा आपल्या प्राचीनतेचा अभिमान पुष्कळ उपयोगी पडला असेल असे वाचकांस वाटेल. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत वृक्षांच्या चिकित्सेस एक अध्याय दिला आहे, सुरपालाचा वृक्षायुर्वेद आहे. परंतु तेथे निर्णायक ठरली ती याहून साधी गोष्ट. अभय फडके या महाराष्ट्रीय उद्योजकाने साक्ष दिली की, १९८५ व १९८६ च्या उन्हाळ्यांत पुणे व सांगली जिल्ह्यांतील शेतांवर आपण अशाच तेलाचे प्रयोग केले होते. स्थळ सांगता येत होते, काळ सांगता येत होता, पाहणारे शेतकरी होते. पेटंटचा अर्ज त्यानंतरचा. १० मे २००० रोजी पेटंट रद्द झाले आणि त्यावरील अपील ८ मार्च २००५ रोजी फेटाळले गेले.

हा विजय खरा आहे. पण तो कशाने मिळाला हे विसरू नये. शतकानुशतकांचा वापर पुरावा म्हणून पुढे करणे अवघड गेले, आणि दोन उन्हाळ्यांचे तारीखवार प्रयोग कामी आले. अमेरिकेच्या त्या काळच्या कायद्यात तर परदेशातील नुसता वापर मोजलाच जात नसे, छापील लेख लागे. हा नियम २०१३ साली बदलला. आमच्या सरकारने २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचा संगणकीय कोश उभारला हे स्तुत्य आहे. तथापि त्याचा मुख्य आधार आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांचे ग्रंथ. ज्यांचे ज्ञान ग्रंथात उतरलेच नाही, त्या कातकऱ्यांस त्यात स्थान कोठून मिळणार? जे जाणते होते ते लिहिते नव्हते, आणि आम्ही जे लिहिते होतो त्यांनी कधी विचारले नाही. या दोषाचा वाटा परकीय कंपनीच्या माथी मारता येणार नाही.

उपाय मात्र हाताशी आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये प्रत्येक गावाने आपल्या वनस्पतींची व त्यांच्या उपयोगाची लोकनोंदवही करावयाची आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनवासी समाजाचा आपल्या पारंपरिक ज्ञानावरील सामूहिक हक्क मान्य केला आहे. १९३० साली ज्या हक्कासाठी अक्कादेवीच्या डोंगरावर माणसे पडली, त्याचा एक अंश इतक्या वर्षांनी कायद्यात लिहिला गेला आहे. आता नोंदवहीचे पान कोरे राहू नये. चिरनेरच्या स्मारकावर फुले वाहण्यास जाणाऱ्या सुशिक्षितांनी परतताना जवळच्या वाडीवर एखाद्या म्हाताऱ्या कातकऱ्यापाशी बसावे, कोणती साल कशावर लावतात ते विचारावे, आणि सांगणाऱ्याचे नाव व तारीख घालून त्याच्या संमतीने ते लिहून ठेवावे. हुतात्म्यांचे हेही एक ऋण आहे, आणि ते फेडण्यास फार अवधी उरलेला नाही.