अथालचं सूत

आमच्या घरात परदेशी कापडाच्या दोन गोष्टी सांगितल्या जात, आणि त्या दोघींचं एकमेकींशी कधी जमलं नाही.

पहिली आजोबांची. 12 डिसेंबर 1930 ला काळबादेवीत बाबू गेनू विलायती कापडाच्या लॉरीपुढे आडवा झाला. महाळुंगे पडवळचा पोर, गिरणीत काम करणारा. आजोबा तेव्हा परळच्या चाळीत दहा-बारा वर्षांचे. त्याच्या अंत्ययात्रेला मी गेलो होतो, असं ते कधी सांगत, तर कधी म्हणत, थोरल्या भावाने येऊन सांगितलं. चाळीतल्या परदेशी कापडाच्या होळीत पणजीने आपलं ठेवणीतलं विलायती लुगडं टाकलं, एवढं मात्र दोन्ही वेळा सारखंच असायचं. पुढे आजोबा साचेखात्यात बदलीवर लागले. देशी कापड विकलं गेलं तर आपली चूल पेटते, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

दुसरी गोष्ट मावसआजीची. तिला खानदेशात दिलेलं. सुट्टीत आम्ही गेलो की कळण्याची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुढ्यात ठेवून ती बोलायला बसे. 1933 मध्ये सरकारने जपानी कापडावरची जकात 75 टक्क्यांवर नेली. गिरणगावाला हायसं वाटलं. पण जपानच्या गिरण्या आपला आखूड धाग्याचा कापूस मोठ्या प्रमाणावर घेत. त्यांनी तो घेणंच थांबवलं. पुढच्या वर्षी करार झाला: आमचा अमुक इतका कापूस उचला, मग तुमचं तमुक इतकं कापड येऊ देऊ. तोवर मावसआजीच्या सासरी ओसरीभर कापूस पडून होता. आजोबांना ती सुनवायची, "दाजी, तुमचं कापड वाचलं, आमचा कापूस कुजला." आजोबा गप्प राहायचे, आणि ती त्यांना आणखी एक भाकरी वाढायची.

18 जानेवारी 1982 ला मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात आमचे तात्याही होते. गिरण्या एकट्या संपाने बुडाल्या असं मी म्हणणार नाही. यंत्रं जुनाट झाली होती, भिवंडीचे माग स्वस्तात विणत होते, आणि पॉलिस्टरने सुती कापडाचं गिऱ्हाईक पळवलं होतं. तात्यांनी काही वर्षं मिळेल ते काम केलं. मग कुणाच्या तरी ओळखीने दादरा-नगर हवेलीत सिल्वासाजवळ, दमणगंगेकाठच्या अथालला सुताच्या कारखान्यात गेले. पॉलिस्टरचं अर्धवट ताणलेलं सूत, म्हणजे पीओवाय, तापवायचं, पिळायचं, फुगवायचं, की त्याला कापसासारखा मऊपणा येतो. तात्या म्हणत, हात तेच, कापूस तेवढा गेला. आजीने मात्र पॉलिस्टरचं पातळ अंगाला लावून घेतलं नाही.

मुंबईचं काम तिथे आलं त्याला कारण होतं. दादरा-नगर हवेलीत कारखाना काढणाऱ्याला विक्रीकर पंधरा वर्षं माफ होता. पुढे 1993 पासून मागास केंद्रशासित प्रदेशांत नव्या कारखान्याला पहिली पाच वर्षं आयकरातही पूर्ण सूट मिळू लागली. आज आपण अमेरिकेतली कामं बेंगळुरूला आली म्हणतो. परळची कामं तशीच अथालला आली, फक्त मध्ये समुद्र नव्हता.

अथालला आमच्या शेजारी एक वारली म्हातारबाबा राहत. नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी त्यांच्या घरून आमच्याकडे यायची. ते पोर्तुगीज अमलाबद्दल सांगायचे. दमणहून हवेलीत यायचं तर मधे इंग्रजांचा मुलूख, वाटेत दोन वेळा नाके. जुलै-ऑगस्ट 1954 मध्ये मुक्ती झाली, तर पोर्तुगालने त्या वाटेच्या हक्कासाठी हेगच्या न्यायालयात दावा लावला, त्याचा निकाल 1960 मध्ये लागला. बाबांना हेग माहीत नव्हतं. नाके उठले आणि मागाहून कारखाने आले, एवढं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. त्यांचा मुलगा पाळीत लागला, शेताचा तुकडा गेला. चांगलं झालं की वाईट, असं विचारलं तर ते ताडीच्या दिवसांबद्दल बोलू लागत.

हल्ली अथालला गेलो की तीच भांडणं नव्या नावांनी ऐकू येतात. पॉलिस्टरच्या सुताचा कच्चा माल म्हणजे पीटीए. चीनसारख्या देशांतून तो स्वस्तात येतो म्हणून 2014 पासून त्यावर डम्पिंगविरोधी शुल्क लागलं. पीटीए बनवणारे सुखावले. सूत काढणारे म्हणाले, आम्हाला माल महाग पडतो, चीनच्या कापडापुढे आम्ही टिकायचं कसं? 2020 च्या अर्थसंकल्पात ते शुल्क काढलं. मला मावसआजीची ओसरी आठवली. मग ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर 50 टक्के शुल्क बसवलं, आणि या पट्ट्यातले टॉवेल-चादरींचे कारखानदार चिंतेत पडले.

जकात असावी की नसावी, याचं एक उत्तर मला सापडलेलं नाही, आणि ज्यांना ते सापडलंय त्यांच्यावर माझा विश्वास बसत नाही. प्रत्येक मालाला आणि प्रत्येक काळाला ते वेगळं असतं. पण एक गोष्ट मी ठामपणे सांगेन. जकात चढवताना किंवा उतरवताना ज्याचं काम जाणार आहे, त्याची सोय त्याच कागदावर लिहिलेली हवी. कारखानदाराला पंधरा वर्षांची माफी लिहून मिळत होती. तात्यांना गिरणी सुटल्यावर एका महिन्याचीही हमी कुणी लिहून दिली नव्हती, आणि आज अथालला बारा तासांच्या पाळीत उभ्या असलेल्या बिहार-ओडिशाच्या कंत्राटी पोरांकडेही तशी हमी नाही.