पाचशेचे अडीच हजार

जून २०२२. नागपूरपासून साधारण ३० किलोमीटरवरचं खापरखेडा. एकाने एटीएमला ५०० रुपये मागितले, आल्या ५००च्या पाच नोटा! गड्याने परत ५०० मागितले, परत २५००. मग काय, गावभर बोभाटा आणि एटीएमसमोर ही गर्दी. शेवटी बँकेच्याच एका ग्राहकाने पोलिसांना कळवलं, तेव्हा एटीएम बंद झालं.

प्रोग्रामर म्हणून सांगतो, मशीनने नोटा बरोब्बर मोजल्या. १००च्या ट्रेमध्ये ५००च्या भरल्या गेल्या होत्या, एवढंच. पण इंग्रजांच्या काळातल्या, १८७२च्या करार कायद्याचं कलम ७२ चूक कुणाची ते विचारतच नाही. चुकून आलेले पैसे परत करायचे, बस्स. पहिले जादा २००० मशीनने दिले, मान्य. दुसऱ्या खेपेचे मात्र मागून घेतलेले. आणि गर्दीतले बाकीचे तर ठाऊक असूनच आले होते.