उधळ्या पुत्राचा दाखला आणि चांदा-प्रदेशातील सर्वनामे

जॉर्ज ग्रियर्सन यांच्या संपादकत्वाखाली सिद्ध झालेल्या भारतीय भाषा-सर्वेक्षणात निरनिराळ्या बोलींचा पहिला नमुना म्हणून एकच कथा योजिली आहे. ती म्हणजे लूकच्या शुभवर्तमानातील, १५ व्या अध्यायातील, उधळ्या पुत्राचा दाखला. १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात नागपुरी व हळबी, तर १९०६ च्या चौथ्या खंडात गोंडी यांचा परामर्श घेतलेला आहे. १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा धरून जो जुना चांदा-प्रदेश होतो, त्यात या तिन्ही भाषा नांदतात.

ही निवड धर्मप्रसाराच्या हेतूने झालेली नव्हती. तिन्ही पुरुषांची सर्वनामे, बहुतेक विभक्ती आणि तिन्ही काळ या कथेत एकत्र येतात, हे ग्रियर्सन यांचे कारण होते. मराठीला मात्र येशूची शिकवण तत्पूर्वीच परिचित झाली होती. विल्यम केरी यांचे मत्तयकृत शुभवर्तमान १८०५ साली व नवा करार १८११ साली श्रीरामपूर येथे छापला गेला. या कार्यात नागपूरकडील पंडित वैजनाथशर्मा यांचे साहाय्य होते. १८४५ साली स्टीफन हिस्लॉप नागपुरास आले, आणि पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खुद्द चांदा येथे स्कॉटिश एपिस्कोपल चर्चचे मिशन सुरू झाले. तेव्हा व्याकरणासाठी निवडलेल्या या कथेत शिष्याने आचरावयाची शिकवण नेमकी कोठे आहे, असा प्रश्न उपस्थित होतो.

तिचे उत्तर सर्वनामांतच सापडते. परतलेल्या धाकट्याविषयी बोलताना थोरला त्याला 'माझा भाऊ' म्हणत नाही. 'तुझा मुलगा' असा त्याचा निर्देश करतो. उत्तर देताना बाप 'तुझा भाऊ' हे शब्द योजितो. थोरल्याने टाळलेले नाते बापाने एका षष्ठ्यन्त सर्वनामाने त्याच्या पदरात परत घातले आहे. क्षमा म्हणजे काय, याचे विवरण कथेत अन्यत्र नाही.

दुसरे स्थळ मेजवानीचे. चाकरांना आज्ञा देताना बाप प्रथमपुरुषी अनेकवचन वापरतो. मूळ ग्रीकमध्ये श्रोता त्यात समाविष्ट आहे की नाही, हे क्रियारूपावरून कळत नाही. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' यांतून एकाची निवड करावीच लागते. सिरोंच्याकडील तेलुगूत 'मेमु' व 'मनमु' असा हाच भेद असून गोंडीतही त्याचे प्रकार आढळतात. अनुवादकाने 'आम्ही' म्हटले तर चाकर वाढपी राहतात. 'आपण' म्हटले तर तेही पंगतीस बसतात. ग्रीक वाचकाला जो निर्णय टाळता येतो, तो चांद्याच्या अरण्यातील बोलणाऱ्याला टाळता येत नाही.

पंगतीचा हा प्रश्न या प्रदेशात केवळ व्याकरणाचा नव्हता. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ सालच्या ग्रंथात मध्य प्रांतातील अनेक जाति-जमातींची, त्यांत गोंडांचीही, अशी प्रथा नोंदलेली आहे की, बहिष्कृताला परत घेताना त्याने जातीला जेवण द्यावे. दाखल्यात हा क्रम उलटतो. परतणारा रिकाम्या हाताने येतो, मोलाने राबणाऱ्यांत जागा मागण्याची सिद्धता करून येतो, आणि जेवण बाप देतो. पापी जनांच्या पंक्तीस येशू बसतो, या आक्षेपाला उत्तर म्हणूनच लूकने हा दाखला दिला आहे, हे येथे लक्षात ठेवावयास हवे.

सर्वेक्षणासाठी या कथेच्या शब्दांत, भारतीय समजुतींना बाध येऊ नये म्हणून, किरकोळ फेरफार करण्यात आले होते. असे फेरफार करूनही कथेचे मर्म ढळत नाही. कारण ते कोणते अन्न शिजले यात नसून कोणाला आपल्यात धरले यात आहे. थोरला अखेर घरात गेला की नाही, हे लूक सांगत नाही. 'आम्ही' आणि 'आपण' यांतील निवड ज्याला रोज करावी लागते, त्या श्रोत्यावर ते उत्तर सोपविलेले आहे.