रेग्युलर की करस्पॉन्डन्स?

बी.कॉम. झालेल्याला मुलाखतीत हा प्रश्न ज्या सुरात विचारतात, तो सूर बऱ्याच जणांना ठाऊक असेल. म्हणून थोडा जुना हिशेब मांडतो.

१९१३ साली मुंबईत सिडनहॅम कॉलेज सुरू झालं आणि त्याच वर्षी कंपनी कायदाही आला. तोवर कुणीही उठावं आणि कंपनीचे हिशेब तपासावेत, असा कारभार होता. नव्या कायद्यानं पब्लिक कंपनीच्या ऑडिटरला सरकारी प्रमाणपत्र लागू लागलं. १९१८ मध्ये मुंबई सरकारनं अकाउंटन्सीचा डिप्लोमा काढला, जी.डी.ए. त्यासाठी परीक्षा द्यायची, शिवाय मान्य ऑडिटरच्या हाताखाली तीन वर्षं उमेदवारी करायची. त्या काळी उमेदवारीत पगार सोडाच, उलट शिकवणाऱ्यालाच ‘प्रीमियम’ म्हणून पैसे मोजायची पद्धत होती! गिरगावातल्या खोलीत चौघांत राहून, पेढीवर खर्डेघाशी करून गावी मनीऑर्डर धाडणाऱ्या पोरानं ते आणायचे कुठून? नोकरी सोडता येत नाही, आणि कॉलेजची वेळ तीच हापिसाची वेळ.

त्याच्यासाठी विद्यापीठाचं दार फार उशिरा उघडलं. दिल्ली विद्यापीठानं १९६२ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केला, मुंबईनं १९७१ मध्ये (तेच पुढे ‘आयडॉल’), आणि नाशिकचं मुक्त विद्यापीठ आलं १९८९ मध्ये. मग लोकलच्या सीटवर ताळेबंद जुळवत लोकांनी बी.कॉम. केलं. ही हौस नव्हती. बँकेतल्या कारकुनाला पदवी मिळाली की जादा इन्क्रिमेंट, सी.ए.आय.आय.बी. झालं की आणखी. घरभाडं त्यातूनच निघायचं.

नोट्स उशिरा येतात, निकाल रखडतात, हे खरंच आहे. पण तो दोष चालवणाऱ्यांचा, शिकणाऱ्याच्या माथी का?

आणि एक गंमत बघा. १९४९ च्या कायद्यानं आलेली आपली सी.ए. तरी कुठल्या कॉलेजात मिळते? इन्स्टिट्यूटची पुस्तकं घरी येतात, दिवसभर आर्टिकलशिप, रात्री अभ्यास. क्लास लावायचा की नाही, हा ज्याच्या त्याच्या खिशाचा प्रश्न. पण सी.ए.ला कुणी विचारत नाही, रेग्युलर की करस्पॉन्डन्स.

अकाउंट्सच्या जागेसाठी मुलाखत असेल, तर टेबलापलीकडे बसून हा प्रश्न विचारणारे साहेब बऱ्याचदा स्वतः सी.ए.च असतात.