प्रौढांमधील ‘एडीएचडी’: आळस नव्हे, मेंदूतील संदेशवहनाचा प्रश्न

वीजबिलाची मुदत उलटून जाते, कार्यालयातील अहवाल अर्ध्यावर राहतो, समोरची व्यक्ती बोलत असताना मन भलतीकडेच निघून जाते. मात्र आवडीचे काम हाती आले, की तीच व्यक्ती तासन् तास जागची हलत नाही. ‘मनात आणले तर जमते, म्हणजे हा निव्वळ आळस,’ असे घरचे म्हणतात आणि कालांतराने त्या व्यक्तीलाही ते पटू लागते. प्रत्यक्षात या विसंगतीचे मूळ मेंदूतील रसायनांच्या कार्यात असू शकते.

‘अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर’ अर्थात ‘एडीएचडी’ हा पूर्वी केवळ लहान मुलांचा विकार मानला जात असे. परंतु अनेकांमध्ये तो मोठेपणीही टिकून राहतो. वयाबरोबर बाह्य चंचलता ओसरते. विसराळूपणा, दिरंगाई, वेळेचा चुकणारा अंदाज आणि आतली अस्वस्थता उरते. या विकारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे.

दोन रसायनांची कामगिरी

एका चेतापेशीकडून दुसरीकडे संदेश पोहोचवण्याचे काम काही रसायने करतात. अवधानाच्या दृष्टीने त्यांपैकी डोपामिन आणि नॉरअॅड्रेनालिन ही दोन महत्त्वाची. कपाळामागील मेंदूचा भाग नियोजन करतो, अनावश्यक गोष्टी बाजूला सारतो आणि हातातले काम ध्यानात ठेवतो. ही रसायने तेथे प्रमाणात असावी लागतात. फार कमी झाली तरी लक्ष विचलित होते आणि ताणाच्या प्रसंगी अतोनात वाढली तरीही.

एखादे काम करण्याजोगे वाटणे, हेही डोपामिनशी निगडित आहे. ज्या कामाचे फळ लांबणीवर असते, तेथे ही प्रेरणा अपुरी पडते. म्हणूनच या विकारात अवधान मुळातच नसते असे नाही. ते हवे तेथे वळवता येत नाही.

अमेरिकेतील संशोधक नोरा व्होल्को व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये, कधीही औषध न घेतलेल्या ५३ प्रौढ रुग्णांच्या मेंदूची ‘पेट’ तपासणी ४४ निरोगी व्यक्तींशी ताडून पाहिली. रुग्णांच्या मेंदूतील प्रेरणेशी संबंधित भागांत डोपामिनशी निगडित प्रथिने सरासरीने कमी आढळली. मात्र हा फरक गटागटांतील आहे. रक्ततपासणी किंवा मेंदूचे छायाचित्र यांवरून एका व्यक्तीचे निदान करता येत नाही. ‘डोपामिन कमी म्हणून एडीएचडी’ हे समीकरण त्यामुळेच अपुरे ठरते.

निदान आणि उपचार

निदान होते ते सविस्तर इतिहासावरून. २०१३ च्या ‘डीएसएम-५’ या निकषग्रंथानुसार १७ वर्षांवरील व्यक्तीत अवधानाच्या अथवा अतिचंचलतेच्या गटातील नऊपैकी किमान पाच लक्षणे असावी लागतात. त्यांतील काही वयाच्या १२ वर्षांपूर्वीच दिसलेली असावीत आणि त्यांचा त्रास घर, नोकरी अशा एकाहून अधिक ठिकाणी व्हायला हवा. अपुरी झोप, चिंता, नैराश्य, थायरॉइडचे विकार यांतही लक्ष लागत नाही. त्यामुळे ती शक्यता आधी तपासली जाते.

मिथाइलफेनिडेट हे औषध बाहेर पडलेले डोपामिन व नॉरअॅड्रेनालिन पुन्हा पेशीत शोषले जाण्यास अटकाव करते. संदेश त्यामुळे अधिक काळ टिकतो. परिणाम त्याच दिवशी जाणवू शकतो. अॅटोमोक्सेटिनला मात्र काही आठवडे लागतात. भूक मंदावणे, झोप उडणे, नाडी व रक्तदाब वाढणे हे दुष्परिणाम संभवतात. भारतात मिथाइलफेनिडेट अमली पदार्थविषयक कायद्याखाली नियंत्रित आहे. परीक्षेच्या तोंडावर मित्राकडून गोळी मागून घेणे म्हणूनच दुहेरी धोक्याचे.

औषध लक्ष टिकवायला मदत करते. दिवस आखून देत नाही. कामाचे लहान टप्पे, डोळ्यांसमोर लावलेली यादी, गजर आणि वर्तनोपचार यांची जोड हवीच. शंका असल्यास मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावरही मार्गदर्शन मिळते. जाताना शाळेची जुनी प्रगतिपुस्तके सोबत न्यावीत. ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’ हा त्यांतील शेरा आजवर दूषण म्हणून वाचला गेला. डॉक्टरांच्या हाती तो निदानाचा धागा ठरू शकतो.