मेनफ्रेमवर लांबलचक मजकूर शोधायचा कसा? सोनईच्या पत्त्यावरून समजून घ्या

पुण्यातल्या अनेक आयटी कंपन्यांत आजही मेनफ्रेमवर काम चालतं. परदेशी बँका आणि विमा कंपन्यांचे हिशेब या यंत्रांवर असतात. तिथे फाइल उघडून दुरुस्त करण्याचं आयबीएमचं साधन म्हणजे आयएसपीएफ एडिटर. शोधायचं असेल तर कमांडच्या ओळीत ‘फाइंड’ लिहायचं, बदलायचं असेल तर ‘चेंज’. मजकुरात मोकळी जागा असेल तर तो अवतरणचिन्हांत टाकायचा. इथवर सोपं आहे.

आता उदाहरण घेऊ. २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. समजा, पत्त्यांच्या एका फाइलीत नेवासा तालुक्यातल्या सोनईचे पत्ते बदलायचे आहेत. ‘ॲट पोस्ट सोनई तालुका नेवासा डिस्ट्रिक्ट अहमदनगर’ हे रोमन लिपीत मोकळ्या जागांसह ४७ अक्षरं होतं. नवा पत्ता ४८ अक्षरांचा. चेंज, अवतरणचिन्हं आणि शेवटचं ‘ऑल’ धरलं की आज्ञा शंभरीपार जाते. नेहमीच्या स्क्रीनची अख्खी ओळच ८० अक्षरांची! शेवटचं अवतरणचिन्ह द्यायला जागाच उरत नाही.

यावर उपाय आहे. कमांडच्या ओळीत ‘सीएमडीई’ ही चार रोमन अक्षरं लिहून एंटर दाबा. मोठी चौकट उघडते, तिच्यात २३४ अक्षरांपर्यंत आज्ञा मावते.

पण मावते म्हणून लिहावीच असं नाही. लांब मजकूर एका अक्षराने चुकला तरी सापडत नाही. नेवासा रोमन लिपीत कुणी ‘डब्ल्यू’ने लिहितं, कुणी ‘व्ही’ने. एखाद्या पत्त्यात मधे दोन मोकळ्या जागा पडलेल्या असतात. पत्ता दोन ओळींत विभागला असेल तर फाइंड तो पकडतच नाही, कारण ते एका वेळी एकाच ओळीत शोधतं. असे पत्ते गुपचूप जुनेच राहतात.

म्हणून पत्ता एका ओळीत असेल तर मला दुसरी वाट जास्त भरवशाची वाटते. आधी ‘एक्स ऑल’ देऊन सगळ्या ओळी लपवा. मग सोनई हा शब्द ‘वर्ड ऑल’ लावून शोधा. फक्त त्या ओळी वर येतील. ‘वर्ड’ विसरू नका, नाहीतर ज्या नावांच्या पोटात ‘सोनई’ आहे तीही येतील. ओळी डोळ्यांखालून घाला, मग शेवटी ‘ऑल एनएक्स’ लावून जिल्ह्याचं नाव बदला. लपलेल्या ओळींना धक्का लागत नाही.

एक खोच मात्र राहते. अहमदनगर रोमन लिपीत १० अक्षरांचं, अहिल्यानगर ११. मेनफ्रेमच्या फाइलींत बहुधा प्रत्येक माहितीची जागा ठरलेली असते. नावापुढे पुरेशी मोकळी जागा नसेल तर पुढचा मजकूर एक घर सरकतो, आणि पिनकोडचा शेवटचा आकडा भलत्याच रकान्यात जातो. बदलानंतर थोड्या ओळी तपासा. गडबड दिसली तर एफ३ दाबू नका, त्याने बदल सहसा आपोआप जतन होतात. ‘कॅन्सल’ लिहून बाहेर पडा.