सुई याआधी कुठे होती?

१८९९ साली नाशिकजवळच्या भगूरमध्ये प्लेगने दामोदरपंत सावरकर गेले, पाठोपाठ त्यांचे भाऊही. दामोदरपंतांचा धाकटा मुलगा नारायण आजारी पडला. थोरल्या बाबारावांनी त्याला नाशिकच्या प्लेग इस्पितळात ठेवलं, सेवेला स्वतः तिथेच राहिले आणि त्यांनाही प्लेगने गाठलं. नशिबाने दोघे भाऊ उठले. पिसवा प्लेग पसरवतात हे पॉल-लुई सीमोंने आदल्याच वर्षी कराचीत मांडलं होतं, पण ते फारसं कुणी मनावर घेतलं नव्हतं. उंदीर पडायला लागले की वाडे सोडून माळावर झोपड्यांत जायचं, हा लोकांचा उपाय शास्त्राच्या पुढे होता म्हणायचा.

सरकारकडे आणखी एक उपाय होता, सुईचा. वाल्देमार हाफकिनने १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे परळच्या प्रयोगशाळेतून बाटल्या देशभर जाऊ लागल्या. लोक सुईला भ्यायचे, त्या भीतीला अडाणीपणा म्हणायची साहेबांना सवय होती. मग ३० ऑक्टोबर १९०२ उजाडला.

पंजाबातलं मुल्कोवाल गाव. त्या दिवशी १०७ जणांना लस टोचली. त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि एकोणीसही गेले. सगळे एकाच बाटलीतले. चौकशी समितीने ठपका परळवर ठेवला: बाटली तिथेच दूषित झाली असणार. हाफकिनची नोकरी गेली. कागदपत्रं नीट तपासल्यावर मात्र वेगळंच दिसलं. बाटलीचं बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता, आणि त्याने तो कार्बोलिकच्या पाण्यात नुसता हलवून पुन्हा वापरला होता. धनुर्वाताचा जंतू शेणामातीत असतो आणि त्याची बीजं एवढ्याशाने मरत नाहीत. शिवाय बाटली परळलाच बिघडली असती, तर उघडताना तिला वास यायला हवा होता. तो आला नव्हता. रोनाल्ड रॉससारखे लोक हाफकिनच्या बाजूने उभे राहिले, तेव्हा कुठे १९०७ मध्ये तो निर्दोष ठरला.

मला या प्रकरणात लशीपेक्षा तो चिमटा महत्त्वाचा वाटतो. पुढच्या शंभर वर्षांत सुईने जे जे नुकसान केलं, ते टोचल्यामुळे कमी आणि टोचण्याआधी ती कुठे होती यामुळे जास्त झालं.

काचेच्या सिरिंजचा जमाना अनेकांना आठवत असेल. दवाखान्यात शिरताच स्पिरिटचा वास, स्टीलच्या डब्यात खदखदणारं पाणी, त्यात पिस्टन, नळी आणि सुया वेगवेगळ्या. बोथट झालेली सुई दगडावर घासायची, भोकातून बारीक तार फिरवायची, पुन्हा उकळायची. रीत चांगलीच होती. पण बाजाराच्या दिवशी बाहेर बाकावर तीस माणसं आणि प्रत्येकाला ‘एक सुई मारा डॉक्टर’ हवंच! मग उकळणं आखडतं व्हायचं. कुठे फक्त सुई बदलायची, नळी तीच. कुठे स्पिरिटचा बोळा फिरवला की झालं. यात पेशंटचा हट्टही तितकाच कारणीभूत होता. गोळीने बरा होणारा ताप इंजेक्शनशिवाय उतरला तर फी वाया गेल्यासारखी वाटायची.

भारतात एचआयव्ही पहिल्यांदा १९८६ मध्ये चेन्नईत सापडला आणि सगळ्यांचे डोळे उघडले. एकदाच वापरायची प्लास्टिकची सिरिंज घरोघरी माहीत झाली, लोक पाकीट डोळ्यांदेखत फोडायला सांगू लागले. तरी २००९ साली गुजरातेत मोडासा भागात वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्याने हिपॅटायटिस बी पसरला आणि अनेक जण दगावले. फेकायची वस्तू फेकली जाते, असं गृहीत धरणं महागात पडलं. दुसऱ्यांदा ओढताच येणार नाही अशी, आपोआप अडकणारी सिरिंज सरकारी लसीकरणात त्याआधीच आली होती, ती याच धोक्यामुळे.

आता कुठल्याही बऱ्या इस्पितळात सुईसाठी न टोचला जाणारा पांढरा डबा असतो. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम १९९८ चे, २०१६ मध्ये कडक झालेले. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही, कारण बोटाला सुई लागते ती अनेकदा तेव्हाच. लागलीच, तर धोक्याचा ढोबळ हिशेब असा: लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीचा शंभरात ३० पर्यंत, सी चा ३ च्या आसपास, एचआयव्हीचा ०.३. जखम साबणाने धुवायची, पिळायची नाही, लगेच कळवायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितक्या लवकर तितकं बरं.

हे नर्सला पाठ असतं. चादरीच्या घडीत राहिलेली सुई मात्र रात्रपाळीच्या सफाईवाल्या मावशींच्या हाताला लागते. मावशी ठेकेदाराच्या, त्यामुळे हिपॅटायटिस बीच्या तीन डोसांच्या यादीत त्यांचं नाव कुणी घालायचं, यावर इस्पितळ ठेकेदाराकडे बोट दाखवतं आणि ठेकेदार इस्पितळाकडे. मुल्कोवालचा चिमटा निदान कुणीतरी शोधून काढला होता.